सासू : वजन शून्य

"बाप एक, आई एक. मग तुला दर वर्षी मशीन आणि मला चाळिशीपर्यंत सुट्टी, हे कसं काय गं ईशे?"

सारिकाने दोन मोबाइल बेदाण्याच्या क्रेटवर शेजारीशेजारी मांडले होते. एकावर तिच्या धाकट्या बहिणीचं, ईश्वरीचं, 'अदमास'चं पत्रक उघडलं होतं. त्याला केशरी पट्टी. दुसऱ्यावर तिचं स्वतःचं, हिरव्या पट्टीचं. तासगावजवळच्या त्या शेडमध्ये वर जाळ्यांवर द्राक्षं वाळत होती आणि खाली बायका बेदाणा निवडत बसल्या होत्या. हात चालू होते, पण कान सगळ्यांचे इकडे होते.

"सख्ख्या बहिणींमध्येही सगळं सारखं नसतं, ताई," ईश्वरी म्हणाली. "आईचं निम्मं येतं, बाबांचं निम्मं येतं. पण कुठलं निम्मं, ते प्रत्येकीला वेगळं."

"म्हंजे चांगलं निम्मं मला आलं म्हण की."

"नशीब तुला, रूप मला."

"व्हय, आरशाला विचार जा," सारिका म्हणाली आणि बायका खळाळून हसल्या.

समोर बसलेली वैजयंता निवडता निवडता म्हणाली, "मला पण हिरवीच आलीया. आमच्या सासूबाई ह्याच दुखण्यानं गेल्या, तरी हिरवी. चांगलंय बाई, एक काळजी मिटली."

ईश्वरी तिच्याकडे बघून हसली. ते हसू पुढे कित्येक दिवस तिला आतून टोचत राहिलं.

सत्तावीस वर्षांची ईश्वरी सूर्यवंशी पुण्यात 'अदमास' प्रकल्पात काम करत होती. जैवसांख्यिकीत एम.एस्सी. झाल्याझाल्या मिळालेली ही पहिलीच नोकरी. स्तनांच्या कर्करोगासाठी अमुक वय झालं की सरसकट सगळ्यांची मॅमोग्राफी, ही जुनी पद्धत अदमासने मोडीत काढली होती, आणि त्याला कारणही होतं. तरुण स्त्रीच्या स्तनातली ऊती दाट असते. एक्स-रेवर ती पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच दिसते. म्हणजे धुक्यात पांढरी गाय शोधायची. उलट जिला धोका फारच कमी, तिच्या तपासणीत एखादी निरुपद्रवी सावली दिसते, मग सुया, बायोप्सी आणि महिनाभर उडालेली झोप. म्हणून अदमास प्रत्येकीचा धोका वेगळा मोजायचं. थुंकीतून जनुकं वाचायची, सोनोग्राफीच्या पट्ट्याने ऊतीचा दाटपणा मोजायचा आणि रक्ताच्या नात्यात कुणाला आजार होता ते धरायचं. या तिन्हींतून एक आकडा निघायचा, आणि आकड्यावरून वेळापत्रक. हिरवीला चाळिशीनंतर दोन वर्षांतून एकदा मॅमोग्राफी. केशरीला तिशीच्या आतच, दर वर्षी एमआरआय. एमआरआयची यंत्रं मोजकीच होती, म्हणून ती जिला खरी गरज तिच्यासाठीच.

सारिका अजून दोन्ही पत्रकं वाचत होती. "तुझ्यात बघ. 'कारण : आत्याला तरुण वयात आजार.' माझ्यात लिहिलंय, 'कुटुंबात नोंद नाही.'" तिने मान वर केली. "नोंद नाही? अगं, आत्याच्या ऑपरेशननंतर नळीची पिशवी दोन टायमाला मी रिकामी केलीया. शेंबूड पुसत होतीस तू तेव्हा."

ईश्वरीचं हसू तिथेच थांबलं.

मालनआत्या ही त्यांच्या वडिलांची सख्खी बहीण. तिनेच भावाकडे शब्द टाकून सारिकाला आपल्या रणजितसाठी मागून घेतलं होतं. त्या भागात ही रीतच. भावाची पोर घरात आली की घर एक राहतं, म्हणायचे. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत ईश्वरी ज्याला रणजितदादा म्हणायची, त्याला दुसऱ्या दिवसापासून दाजी म्हणू लागली. आणि मालनआत्या सारिकाची सासू झाली.

"सर्वेक्षणात काहीतरी राहिलं असेल," ईश्वरी म्हणाली. "बघते मी पुण्याला गेल्यावर."

पण सर्वेक्षणात काही राहिलं नव्हतं. तिला ते बोलतानाच कळलं होतं.

*

सोमवारी कार्यालयात गेल्या गेल्या तिने सारिकाची मूळ नोंद उघडली. सर्वेक्षकाने सगळं नीट भरलं होतं. 'मालन कदम. आजार : होय. वय त्या वेळी : शेहेचाळीस. नातं : सासू.' आणि शेजारी अदमासने घातलेला शेरा : 'वजन शून्य.'

तो नियम ईश्वरीने लिहिला होता.

सुरुवातीच्या चाचणीत एक घोळ सतत दिसायचा. घरात कुणाला आजार होता का, असं विचारलं की लग्न झालेल्या बायका सासूचं, जावेचं, चुलतसासूचं दुखणं सांगायच्या. ज्यांचं त्यांनी केलं, त्या त्यांच्या घरच्या. पण सासूची जनुकं सुनेत येत नाहीत. त्यामुळे धोका नसलेल्या बायका केशरीत जात होत्या आणि एमआरआयच्या रांगा फुगत होत्या. ईश्वरीने विवाहनोंदणीशी जोड घालून एक छोटासा नियम लिहिला : जे नातं लग्नाने जुळलं, त्याचं वजन शून्य. एका झटक्यात अंदाज सुधारले. प्रकल्पप्रमुख तेंडोलकर मॅडमनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती. "इतका स्वच्छ नियम!" म्हणाल्या होत्या.

आणि नियम बरोबरच होता, पुण्यातल्या, लांबची स्थळं बघणाऱ्या घरांसाठी. जिथे सासू ही आधीची आत्या असते, तिथे मात्र त्याने आत्याच पुसून टाकली होती. ईश्वरी अशाच घरात वाढली होती. तरी लिहिताना तिला स्वतःची बहीण आठवली नव्हती.

तिने सारिकाच्या जनुकांचं पान उघडलं. पेशीतला तुटलेला डीएनए सांधणाऱ्या एका जनुकात तिच्याकडे एका अक्षराचा बदल होता. तोच बदल ईश्वरीत होता, आणि मालनआत्यातही. म्हणजे तो वडिलांकडून आला होता. ते निरोगी, पण त्यांनी तो दोन्ही मुलींना दिला होता. अदमासच्या यादीत या बदलापुढे लिहिलं होतं : 'अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी.'

असे बदल म्हणजे गावात नव्याने राहायला आलेला माणूस. तोंडावरून तो भला की चोर ते कळत नाही. तो ज्या ज्या घरी उतरतो तिथे तिथे चोरी होते का, एवढंच बघता येतं. जगातल्या मोठ्या याद्यांमध्ये हा बदल फारसा नव्हताच. तो या चार तालुक्यांतल्या घराण्यांत फिरत होता. म्हणून त्याचा अर्थ लावायचा तो इथल्याच कुटुंबांवरून. आणि इथल्या कुटुंबांतल्या आजारी आत्या ईश्वरीच्या नियमाने सुनांच्या नोंदींतून काढून टाकल्या होत्या. अदमासला शेकडो हिरव्यागार घरांत तो बदल निवांत बसलेला दिसला, आणि त्याने त्याला भला माणूस ठरवलं.

दोन वर्षांपूर्वीचा फोन तिला आठवला. वैजयंताच्या सासू गेल्या होत्या आणि सारिका घाबरली होती. सांगलीला जाऊन एकदा तपासून येऊ का, विचारत होती. "अदमास हिरवं म्हणतंय ना?" ईश्वरीने तिला समजावलं होतं. "मग उगाच कशाला? नको तिथे तपासणी केली तरी नुकसान होतं, ताई." त्या वाक्यात काही चूक नव्हती. फक्त हिरवं खरं असायला हवं होतं.

मॅडमची खोली समोरच होती. पुढच्या महिन्यात अदमास आणखी सहा जिल्ह्यांत जाणार होतं. आत चर्चा चालली होती. ईश्वरी उठली आणि पुन्हा बसली. नियम मागे घ्यायचा म्हणजे सगळ्या नोंदी पुन्हा तपासायच्या, तोवर सगळी वेळापत्रकं गोठणार. सारिकाची तपासणीही लांबणार.

तिने सारिकाच्या नोंदीत 'सासू' खोडलं आणि 'आत्या' लिहिलं. शेऱ्यात घातलं, 'अनिश्चित बदल हानिकारक धरावा.' पट्टी केशरी झाली. सांगलीच्या केंद्रात याच आठवड्यातली एमआरआयची वेळ सारिकाच्या नावावर आली, आणि यादीतली कुणीतरी एक खाली सरकली. ईश्वरीने ते नाव पाहिलं नाही. न पाहण्यासाठी तिला मान वळवावी लागली.

आधी ताईचं होऊ दे, तिने स्वतःला सांगितलं. मग सांगू सगळं.

*

सांगलीच्या केंद्रात मालनआत्याही आली होती. सारिकाने मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढून तिच्या हातात दिली होती. यंत्रात प्रचंड चुंबक असतो, धातू चालत नाही.

"एवढं अचानक कसं बदललं गं?" सारिकाने विचारलं. "परवा हिरवी, आज केशरी. गाडीत विचारलं तर तू खिडकीबाहेर बघत होतीस."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. ईश्वरीने सांगितलं. सासू आणि आत्या, शून्य वजन, तिने लिहिलेला नियम. हळू आवाजात सांगितलं, पण आत्याने ऐकलंच.

"आणि वैजू?" सारिकाने विचारलं.

"काय वैजू?"

"तिची सासू कोण होती? तिची आत्याच की. आमच्या आळीत आत्याच्या घरात दिलेल्या पोरी मोजायला बसलीस तर तुझी बोटं संपतील. त्यांच्या पट्ट्या बदलल्यास?"

ईश्वरी आतल्या दाराकडे बघू लागली.

"म्हंजे माझ्या एकटीच्या सासूला आत्या केलंस."

"ताई, तुझं होऊ दे. मग लगेच सांगणार आहे मी मॅडमना. शपथ."

"आणि मला ही वेळ मिळाली ती कुणाची?"

आतून परिचारिकेने हाक मारली, "सारिका कदम." सारिका उठली नाही.

"ताई, ऊठ. हात जोडते."

"आधी फोन लाव."

"आत्ता लावला तर ही नोंदच रद्द होईल! मी हाताने केलीय ती. तुला बाहेर काढतील."

"काढू दे. वैजू रोज माझ्यासमोर बसून बेदाणा निवडते, ईशे. काळजी मिटली म्हणते. मी इथून जाऊन तिच्यासमोर कुठल्या तोंडानं बसू?"

"आत्या, तू तरी सांग हिला!"

मालनआत्या हातातल्या बांगड्यांकडे बघत होती. "मी काय सांगू? माझंच रक्त. मीच मागून आणली हिला. हट्टानं. तुझी आई तयार नव्हती."

"झालं, ह्यांचं सुरू झालं," सारिका म्हणाली. "लाव गं फोन."

ईश्वरीने फोन लावला. नियमापासून ते हाताने केलेल्या नोंदीपर्यंत, सगळं एका दमात सांगितलं.

"नियमावर सही माझी आहे," तेंडोलकर मॅडम म्हणाल्या. "मीही विचारलं नाही, की सासू आधी कुणाची कोण होती. तो भाग माझा. पण नोंद बदललीस, तो तुझा. नोंदींमधला तुझा प्रवेश आत्ता बंद करते. आणि तुझ्या बहिणीची वेळ रद्द होईल, हे तुला माहीत आहे."

"हो, मॅडम."

खाली सरकलेली बाई लांबच्या जतची होती. एवढ्या ऐनवेळी ती येणं शक्य नव्हतं. त्या सकाळी ते यंत्र सारिकाच्या वेळेत रिकामंच राहिलं. काचेपलीकडे तो पांढरा बोगदा दिसत होता आणि ईश्वरी त्याच्याकडे बघत बसली होती. आत कुणीच नव्हतं.

*

अदमास थांबवलं गेलं. नियम दुरुस्त झाला : लग्नाच्या नात्याखाली रक्ताचं नातं आहे का, ते आधी शोधायचं. सगळी घराणी पुन्हा जोडली, तेव्हा पुसलेल्या आत्या एकेक करून परत आल्या, आणि त्या बदलाचा खरा चेहरा दिसला. तो जिथे जिथे उतरला होता तिथे तिथे चोरी झाली होती. यादीतला शेरा बदलला : 'हानिकारक.' चार तालुक्यांत पट्ट्या केशरी होत गेल्या. एमआरआयची रांग लांबली. सारिका त्या रांगेत आपल्या आकड्याप्रमाणे उभी राहिली. तिची तारीख सात आठवड्यांनंतरची आली.

ते सात आठवडे ईश्वरीने फोनवर काढले. माहितीसाठ्याला हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून मॅडमनी तिला आणि आणखी तिघांना हे काम दिलं : पट्टी बदललेल्या प्रत्येकीला फोन करायचा, आणि का बदलली ते सांगायचं. काही बायका रडल्या, काहींनी शिव्या दिल्या. एकीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता भावाची पोर सून करायची का नाही?" ईश्वरीने सांगितलं, की दोष नात्याचा नाही, बदलाचा आहे, आणि लग्न ठरवण्याआधी दोघांनीही जनुकं तपासून घ्यावीत, कारण नवऱ्या मुलाला तो आईकडून आला असेल तर होणाऱ्या बाळाला तो दोन्हीकडून येण्याचा धोका राहतो. सांगताना तिला रणजितदाजी आठवले, सारिकाची दोन मुलं आठवली. त्यांचेही नमुने आता रांगेत होते.

सारिकाची तपासणी झाली, मग बायोप्सी. गाठ दीड सेंटिमीटरची होती. काखेतल्या ग्रंथींपर्यंत काही पसरलेलं दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडली, बरी होण्याची शक्यता खूप चांगली.

ईश्वरी तासगावला पोहोचली तेव्हा घरात आई, आत्या, दाजी सगळे होते. आई म्हणत होती, मी विरोध करायला पाहिजे होता. आत्या म्हणत होती, मी मागायलाच नको होती. दाजी म्हणत होते, दोन वर्षांपूर्वी ती सांगलीला जायचं म्हणत होती, मीच सीझनचं कारण काढलं.

"बास करा!" सारिका स्वयंपाकघरातून बाहेर आली. "दुखणं माझं, आणि वाटून घ्यायला तुमची गर्दी. जावा तिकडं, चहा ठेवलाय, तो वाटून घ्या."

ती ईश्वरीला घेऊन शेडवर आली. हंगाम संपला होता, जाळ्या रिकाम्या होत्या. दोघी क्रेटवर बसल्या.

"डॉक्टरला विचारलं मी, दोन वर्षांमागं सापडली असती का. म्हणाला, सांगता येत नाही. आता तू सांग. तुझं गणित आहे ना?"

ईश्वरीने ते गणित प्रवासात केलं होतं. अशी गाठ साधारण किती महिन्यांत दुप्पट होते, त्यावरून मागे मोजत जायचं. एक सोपं उत्तरही तिच्याजवळ होतं. 'नसती दिसली' म्हटलं असतं तर ताईला ते पटलं असतं. कदाचित तिला तेच ऐकायचंही होतं.

"दोन वर्षांपूर्वी ती फार लहान असणार. चार-पाच मिलिमीटर. दिसली असती किंवा नसती," ती म्हणाली. "पण मागच्या वर्षी दिसली असती. बहुतेक नक्की. आत्ताच्या निम्मी असताना."

"आणि मागच्या वर्षी मला मशीनमध्ये पाठवलं असतं?"

"नियम बरोबर असता तर, हो."

सारिकाने समोरच्या रिकाम्या जाळ्यांकडे पाहिलं. "राग आलाय मला तुझा," ती म्हणाली. "लगेच नाही जायचा."

"माहितीय."

"रडू नको. मला तुझी समजूत काढायला लावू नको आत्ता."

ईश्वरीने डोळे पुसले.

"खोटं बोलली असतीस तर कळलं असतं मला," सारिका म्हणाली. "वैजूची तारीख परवाची आहे. ती जायला तयार नाही. माझं कळल्यापासून तर नावच काढू देत नाही. तुझ्या ऑफिसातनं तिघांचे फोन झाले. आता तू लाव. माझ्यासमोर लाव."

ईश्वरीने फोन लावला. वैजयंताने उचलला, पण नाव ऐकताच आवाज कडक झाला.

"ताई, तुमचं यंत्र आधी नको म्हणालं. आता व्हय म्हणतंय. उद्या परत नको म्हणालं तर? मी कशावर इश्वास ठेवू?"

"ते यंत्र चुकलं नाही. मी चुकले. त्याला मीच चुकीचं शिकवलं," ईश्वरी म्हणाली. "परवा तुमच्या तपासणीत काही निघणारही नाही कदाचित. निघेल असं मी म्हणत नाही. आणि निघालंच नाही तरी पुढच्या वर्षी पुन्हा जावं लागेल. पण तुम्हाला एक विचारायचं आहे. दोन वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं."

"काय?"

"तुमच्या सासूबाई लग्नाआधी तुमच्या कोण होत्या?"

"कोण म्हंजे? आत्या. सख्खी. तिच्या कडंवर वाढलीया मी."

"किती वर्षांची असताना निघाला तिला?"

"चाळिशी पण नव्हती झाली."

"आणि तुम्ही?"

सारिकाने मान फिरवली नाही. ती ईश्वरीच्या चेहऱ्याकडेच बघत होती.

"सदतीस," फोनमधून आवाज आला. आता तो कडक नव्हता. "एकटी न्हाई जायची मी तिथं."

"मी येते," ईश्वरी म्हणाली. "परवा सकाळी गाडीच्या वेळेला तुमच्या दारात असेन."